जे औषध घेतलंच नाही, त्यालाही जंतू दाद देईना?

प्रश्न: आईच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर' आहे. ते तिने पूर्वी घेतलं होतं. पण टेट्रासायक्लिन कधीच घेतलेलं नाही, तरी तिथेही 'आर' कसा? आणि जळजळीसाठी लघवीची आम्लता कमी करणारं सिरप घरात आहे, ते सुरू करू का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, परळच्या प्रयोगशाळेत अशा प्लेटा वाचण्यातच माझी सारी नोकरी सरली. जंतू पसरलेल्या आगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, जंतू औषधाला दाद देत नाही: ते वर्तुळ फार लहान, किंवा जंतू थेट चकतीला भिडलेले.

रिपोर्ट 'आर' सांगतो, कारण सांगत नाही. एक मोठं कारण म्हणजे जंतूच्या पटलातले, म्हणजे आवरणातले, पंप. ई. कोलायचा अ‍ॅक्रएबी-टोलसी हा पंप आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलापर्यंत आरपार जातो. आतड्यात राहायचं तर पित्ताचे क्षार बाहेर फेकावेच लागतात, आणि हा पंप ते काम करतो. पण त्याला जे सापडेल ते तो उचलून बाहेर टाकतो: सिप्रो, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉलसुद्धा. एका औषधाच्या माऱ्यात ज्यांचे पंप जास्त तेच जंतू तगले, की बाकीच्या औषधांचीही धार कमी होते. एकटा पंप सहसा थोडाच प्रतिकार देतो. सिप्रोचा पक्का 'आर' यायला बहुधा सिप्रो ज्यावर घाव घालतं त्या गायरेज या जंतूच्या प्रथिनातही बदल झालेला असतो.

टेट्रासायक्लिनचा तर स्वतंत्र पंपही आहे. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९८० साली दाखवलं, की प्रतिकारक जंतू हे औषध चक्क बाहेर काढून टाकतात. या पंपाचं जनुक बऱ्याचदा प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असतं, शेजारी दुसऱ्या औषधांच्या प्रतिकाराची जनुकं असतात, आणि अख्खं प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. म्हणून 'आर' यायला तुमच्या आईने ते औषध घेतलेलं असायलाच हवं असं नाही.

या पंपांना शक्ती कुठून मिळते? लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी खाली खोपोलीला येतं आणि त्यावर वीज होते, तसे बाहेर साठवलेले प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) आत शिरतात आणि त्या जोरावर औषध बाहेर जातं. हे प्रोटॉनचं गणित पीटर मिचेल यांनी मांडलं; १९७८चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. बाहेर आम्ल असो वा अल्कली, जंतू आतला पीएच (आम्लतेचं माप) साधारण ७.५च्या आसपास राखतो. बाहेर अल्कली आणि मीठ दोन्ही वाढलं, की एनएचएए हा पटलातला वाहक (ने-आण करणारं प्रथिन) दोन प्रोटॉन आत घेऊन एक सोडियम बाहेर टाकतो.

आता सिरप. कृपा करून स्वतःहून सुरू करू नका. लघवीच्या पीएचवर औषधांचा गुण बदलतो: नायट्रोफ्युरॅन्टॉइन आम्ल लघवीत चांगलं लागू पडतं, जेंटामायसिन अल्कधर्मी लघवीत. रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरॅन्टॉइनपुढे 'एस' (औषध लागू पडतं) असेल आणि डॉक्टरांनी तेच लिहून दिलं असेल, तर हे सिरप त्याच्याविरुद्धच काम करेल. रिपोर्ट आणि सिरपची बाटली दोन्ही डॉक्टरांना दाखवा.