‘मेक इट’ म्हणजे पोचलो, जमलं की वाचलो?

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांचा मेसेज आला, ‘वी वोन्ट मेक इट फॉर लंच’. मला वाटलं, ते काही करून आणणार नाहीत, आपणच करायचं. सहा जणांची सुरमई तळली, सोलकढी काढली. पाहुणे चारला आले, कणकवलीत जेवून!

उत्तर : ताई, ‘मेक’ म्हणजे बनवणं हे शाळेत इतकं घोटून घेतात की दुसरं काही सुचतच नाही. इथे अर्थ ‘वेळेत पोचणं’. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही पोचत नाही, एवढंच. दाभोळच्या फेरीबोटीत अगदी सुटता सुटता गाडी चढवली की म्हणायचं, ‘वी मेड इट!’ आणि ‘कॅन यू मेक इट?’ म्हणजे आपलं ‘यायला जमेल का?’ त्यावर मालवणी उत्तर तयारच असतं : ‘माका जमूचा नाय.’

प्रश्न : ऑफिसच्या ग्रुपवर एका सहकारी बाईंबद्दल आलं, ‘शी डिडन्ट मेक इट’. मी लगेच श्रद्धांजली वाहिली. बाईंची खेडला गाडी चुकली होती.

उत्तर : तुमची चूक निम्मीच. अपघात किंवा ऑपरेशनच्या संदर्भात याचा अर्थ ‘वाचल्या नाहीत’ असाच होतो. पुढे ‘टु द मीटिंग’ असतं तर घोटाळा टळला असता. मराठी तरी कुठे सरळ आहे? ‘आजोबा गेले’ म्हटल्यावर चिपळूणला गेले की कसे, हे आपण आवाजावरून ओळखतो. मेसेजला आवाज नसतो. हात जोडलेली इमोजी टाकण्याआधी एक फोन करावा.

प्रश्न : ‘ही हॅज मेड इट’ आणि ‘मेक इट टू’?

उत्तर : पहिलं, त्याने नाव काढलं. दुसरं टपरीवरचं : एकाने चहा सांगितला की आपण म्हणतो, ‘दोन कर.’

प्रश्न : यातला ‘इट’ म्हणजे नक्की काय?

उत्तर : काही नाही. ‘त्याची चांगलीच जिरली’ यात काय जिरली, हे आधी मला सांगा.

ता. क. तारकर्लीच्या ताईंना पाहुण्यांनी नंतर लिहिलंय, ‘वी विल मेक इट अप टु यू’. ‘अप टु’ जोडलं की अर्थ पालटतो : तुमची भरपाई करू. ताई, सुरमईचे पैसे मागून घ्या.