कामं कमी झाली तरी लाईट बिल तेवढंच का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर करून घेतलेला भार) 300 केव्हीए (भार मोजायचं एकक). दिवाळीपासून ऑर्डरी कमी झाल्यात, एक शिफ्ट बंद केली, तरी बिल म्हणावं तसं उतरत नाही. एकजण पॉवर सेव्हर बॉक्स घेऊन आलाय, 30 टक्के बचत सांगतो. मालक म्हणतात त्यापेक्षा सोलर टाकू. मी मेंटेनन्स बघतो. आधी कशाला हात घालू?

उत्तर: आधी काहीच विकत घेऊ नका. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि फक्त तीन आकडे एका कागदावर लिहा: रेकॉर्ड झालेली मॅक्झिमम डिमांड (महिन्यात सगळ्यात जास्त गेलेला भार), बिलिंग डिमांड (ज्या भारावर पैसे लावतात तो) आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरी कामाला आलेली किती, ते प्रमाण).

एचटी बिलात डिमांड चार्ज नुसत्या या महिन्याच्या वापरावर लागत नाही. या महिन्याची प्रत्यक्ष डिमांड, मागच्या अकरा महिन्यांतल्या सगळ्यात जास्त बिलिंग डिमांडच्या 75 टक्के, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा ठरवून दिलेला हिस्सा, या तिन्हीत जो आकडा मोठा तो धरतात. समजा दिवाळीआधी घाईच्या दिवसांत तुमची डिमांड 280 ला गेली होती, तर आता 160 च वापरली तरी किमान 210 चे पैसे भरताय. शिफ्ट बंद केली तरी हा भाग हलत नाही, तुमच्या बिलाचं कोडं बहुतेक इथंच आहे. आता ऑर्डरी परत येणार आहेत का हे मालकांना स्पष्ट विचारा, येणार नसतील तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायला महावितरणकडे अर्ज करा. पण फार खाली आणू नका, कारण कॉन्ट्रॅक्टच्या वर गेलात तर जास्तीच्या केव्हीएला दीडपट दर लागतो.

डिमांड अर्ध्या तासाच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळं सकाळी सगळी मशीनं, कॉम्प्रेसर आणि ओव्हन एकदम चालू करायची सवय असेल तर ती मोडा, ओव्हन अर्धा तास आधी नाहीतर नंतर लावा, याला एक पैसा खर्च नाही.

त्या बॉक्सबद्दल. त्यात बहुतेक वेळा कपॅसिटर (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) असतो आणि तुमच्याकडे एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर गरजेनुसार आपोआप चालू-बंद करणारं) आधीच असणार, ते चालू आहे का तेवढं बघा. एचटीला 2020 पासून केव्हीएएचवर (नुसत्या कामाला आलेल्या नाही, लाईनमधून ओढलेल्या सगळ्या विजेवर) बिलिंग आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर 0.90 असेल तर 100 युनिट वापरून 111 चे पैसे जातात. पॅनेलमधला एखादा कपॅसिटर फुगलेला किंवा कॉन्टॅक्टर (तो चालू-बंद करणारा स्विच) जळालेला असला तरी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आणि रविवारी कारखाना बंद असताना फिक्स (कायम जोडलेला) कपॅसिटर लाईनवर राहिला तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे गरजेपेक्षा उलट्या बाजूला जातो, त्याचाही फटका केव्हीएएचमध्ये बसतो.

आता कॉम्प्रेसर, आणि इथं मी जरा जास्त आग्रहानं सांगतो, कारण मशीन शॉपमध्ये सगळ्यात जास्त पैसा हवेत जातो तो खरोखर हवेतूनच जातो. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि मोबाईलचं घड्याळ लावून त्याच्यासमोर उभे राहा. लोड (हवा भरणं) किती वेळ होतो, अनलोड (हवा न भरता नुसतं फिरणं) किती वेळ राहतो, चार-पाच फेऱ्यांची नोंद घ्या. हवा कुणी वापरत नाहीये आणि तरी तो 2 मिनिटं लोड, 6 मिनिटं अनलोड असा चालला, तर 8 पैकी 2 मिनिटं, म्हणजे 25 टक्के हवा नुसती लिकेजला जाते. मग साबणाचं पाणी घेऊन फिरा: एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) जॉइंट, क्विक कपलिंग, पीयू (प्लास्टिकच्या) पाईपचे वाकलेले भाग, ड्रेन व्हॉल्व, एअर गन. 7 बारला 3 मिमीचं एक भोक साधारण 3 किलोवॅट खातं. महिन्याला 500 तास कॉम्प्रेसर चालत असेल तर 1500 युनिट, आता याला तुमचा दर लावा आणि तो आकडा मालकांसमोर ठेवा.

प्रेशरही बघा. कुठल्यातरी एका मशीनला कमी पडतं म्हणून अख्ख्या लाईनचं प्रेशर वाढवून ठेवलेलं असतं. 1 बार कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 8 टक्के वाचते. आणि अनलोडला फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसरही फुल लोडच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज ओढतोच, म्हणून सुट्टीत बंद करा.

सोलर चांगलंच आहे, मालकांना नाही म्हणू नका. पण ते लिकेज बंद केल्यावर टाका, नाहीतर गळणाऱ्या हवेसाठी पॅनेल घेतल्यासारखं होईल. शिवाय संध्याकाळच्या शिफ्टची डिमांड सोलरनं उतरत नाही.

प्रश्न: मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मॅनेजर साहेब रोज पंखे बंद करा म्हणून ओरडतात आणि त्यांच्या केबिनचा एसी 18 वर असतो. बोलायचं कसं?

उत्तर: ताई/दादा, साहेबांना बोलू नका, बिल दाखवा. एसीचं सेटिंग 1 डिग्री वर नेलं की साधारण 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, 24 वर ठेवून पंखा लावला तर गारवा पुरतो. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास, म्हणून मोडलेला पंखा बदलताना तोच घ्या. फिल्टर महिन्याला धुवा.

प्रश्न: आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला एनर्जी ऑडिट करायचंय. रिपोर्ट खरंच कामाचा आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: ऑडिटर ऊर्जा दक्षता ब्युरोचा सर्टिफाइड आहे का हे पहिलं विचारा. मग रिपोर्टमध्ये मोजलेले आकडे बघा, म्हणजे चिलर, पंप, लाँड्री प्रत्येकाला मीटर लावून किती दिवस मोजलं ते. नुसत्या नेमप्लेटवरून (यंत्रावर छापलेल्या आकड्यांवरून) हिशोब केला असेल तर पैसे देऊ नका. आणि बचत एकूण बिलात मोजू नका, भरलेल्या खाटांच्या हिशोबात मोजा, नाहीतर पेशंट कमी झाले म्हणून उतरलेलं बिल ऑडिटच्या नावावर जाईल. सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्ट आल्यावर तो कुणाच्या टेबलावर जाणार, त्या माणसाचं नाव ऑडिटच्या आधीच ठरवा, आणि मीटर रीडिंग दर सोमवारी त्यानंच घ्यायचं.