ड्रॉवरचा बेड करायचा तर आधी मोकळी जमीन मोजा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : १० बाय ११ फुटांच्या खोलीत ७८ बाय ६० इंचांच्या गादीसाठी खाली ड्रॉवर असलेला बेड हवा आहे, समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट आहे, गुडघ्यांमुळे सासूबाईंना गादी उचलून बॉक्स उघडणे जमत नाही, आणि बेड तयार मागवावा की सुताराकडून करून घ्यावा हे ठरत नाही. घर स्वतःचे असून निदान दहा वर्षे हलायचे नाही हेही आपण लिहिलेत ते बरे केलेत, कारण उत्तराचा बराचसा भाग त्यावर अवलंबून आहे. माझ्या घरात गेल्या २२ वर्षांत असे तीन बेड झाले आणि त्यांतले पहिले दोन चुकले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात गेल्यावर आपण बेड पाहतो, ड्रॉवर ओढून पाहतो, सनमायकाचा रंग पाहतो; पण ड्रॉवर जिथे ओढायचा ती आपल्या खोलीतली जमीन त्या वेळी डोळ्यांसमोर नसते. आपल्या खोलीचा हिशेब करून पाहू. बेडचे डोके १० फुटांच्या भिंतीला लावले, तर ११ फुटांच्या, म्हणजे १३२ इंचांच्या लांबीतून हेडबोर्डसह बेडचे ८२ इंच आणि कपाटाचे २४ इंच वजा जाऊन पायथ्याशी २६ इंच उरतात. तिथे ड्रॉवर काढणे व्यर्थ आहे, कारण १८ इंचांचा ड्रॉवर ओढल्यावर ८ इंचांत उभे कोण राहणार? रुंदीच्या दिशेने १२० इंचांतून बेडचे ६२ इंच गेले की ५८ उरतात. बेड बरोबर मध्यभागी ठेवण्याची आपली सवय असते, पण तसे केल्यास दोन्ही बाजूंना २९ इंचच मिळतात आणि दोन्हीकडचे ड्रॉवर कुचंबतात. त्यापेक्षा खिडकीच्या बाजूला १८ इंचांची वाट ठेवून बेड तिकडे सरकवावा, म्हणजे दाराच्या बाजूला ४० इंच मिळतील. २० इंच खोलीचा ड्रॉवर पूर्ण ओढूनही माणसाला २० इंच राहतील.

कागदावरचा हा हिशेब पटला तरी एक दिवस थांबावे. जुनी वर्तमानपत्रे ड्रॉवरच्या मापाची कापून ती चिकटपट्टीने फरशीवर लावावीत आणि दिवसभर त्या खोलीत नेहमीप्रमाणे वावरावे. दार आत उघडताना कागदावरून जाते का, कपाटाचे पल्ले अडतात का, खाली ओघळणारा पडदा कुठे येतो, हे सगळे त्यातून कळते. माझ्या पहिल्या बेडला चाकांचे चार सुंदर ड्रॉवर होते; बेड लागल्यावर उशाशी साइड टेबल ठेवले आणि त्या दिवसापासून उशाकडचे दोन ड्रॉवर उघडलेच नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला टेबल सरकवायचे, ड्रॉवर उघडायचा, आत काय आहे ते पाहून आश्चर्य करायचे आणि पुन्हा बंद करायचा, असा तो वार्षिक कार्यक्रम होता.

त्यामुळे माझा सल्ला असा, की दाराच्या बाजूला तीन ड्रॉवर न करता दोनच करावेत. उशाकडचे २० इंच साइड टेबलासाठी सोडले आणि उभ्या फळ्यांची जाडी वजा केली, तर प्रत्येक ड्रॉवरला साधारण पावणेअठ्ठावीस इंचांचा गाळा मिळतो. ही रुंदी मला योग्य वाटते. ३६ इंच रुंद आणि २० इंच खोल असा ड्रॉवर दिसायला ऐसपैस असतो, पण खोलीपेक्षा रुंदी फार झाली की एका कोपऱ्याला धरून ओढताच तो तिरका होऊन अडकतो, आणि रजयांच्या वजनाने त्याचा तळ मधोमध खाली येऊन पुढच्या पट्टीवर घासू लागतो. तळाला ६ मिलिमीटरचा प्लाय नेहमी लावतात. आपण ९ मिलिमीटरचा सांगावा आणि तो खालून चुका मारून न बसवता बाजूच्या फळ्यांना खाच पाडून त्यात सरकवायला लावावा.

आता राहिली आतली जागा. बेड ६० इंच रुंद आणि ड्रॉवर २० इंच खोल, म्हणजे मागे जवळजवळ ४० इंच पोकळ राहतात. तयार बेडमध्ये बहुधा ही पोकळी तशीच सोडलेली असते आणि गिऱ्हाइकाला ती कळतही नाही. तिथे उभी फळी घालून खिडकीच्या बाजूला वरून उघडणारा बॉक्स करावा आणि त्यावर दोन सुटी झाकणे ठेवावीत. प्रत्येक झाकण सुमारे ३९ बाय ३८ इंचांचे होईल. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये त्याचे वजन १०-११ किलो भरते, म्हणजे गादी दुमडून एका माणसाला ते उचलता येते. बॉक्सला मधून आडवा आधार मात्र हवाच, नाहीतर झाकण दोन वर्षांत झोळ धरते. वर्षातून दोनदा लागणारे, म्हणजे पाहुण्यांच्या गाद्या, जाड रजया, गणपतीची आरास वगैरे सामान तिकडे आणि वरचेवर लागणाऱ्या चादरी, टॉवेल ड्रॉवरमध्ये, अशी विभागणी होते.

सासूबाईंविषयी थोडे स्पष्ट लिहितो. ड्रॉवरमुळे गादी उचलावी लागणार नाही हे खरे, पण हा ड्रॉवर घोट्याच्या पातळीवर असतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्यासाठी वाकणेही सोपे नसते. त्यांच्या रोजच्या वस्तूंना कपाटातला कमरेच्या उंचीचा कप्पा द्यावा आणि त्या कप्प्यातले आत्ताचे सामान बेडखाली हलवावे. बेडच्या उंचीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. खाली ३ इंचांची पट्टी, ९ इंचांचा ड्रॉवर आणि वरची फळी मिळून १३ इंच होतात. त्यावर ६ इंचांची गादी ठेवली की १९ इंच, आणि बसल्यावर गादी इंचभर दबते. घरातल्या ज्या खुर्चीवरून त्यांना सहज उठता येते तिची उंची मोजून तुलना करावी. हल्ली १० इंचांच्या गाद्यांचा सोस आहे; ती घेतली तर बेड २३ इंचांवर जाईल आणि पाय अधांतरी राहतील.

गॅसच्या पंपाचा हायड्रॉलिक बेड घ्यावा का, असेही आपण ओझरते विचारले आहे. सामान सर्वांत जास्त त्यात मावते यात शंका नाही आणि बाजूला मोकळी जमीन नसेल तर मीही तोच सुचवीन. पण पंप गादीच्या वजनाला जुळणारे असावे लागतात, वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांतला दाब कमी होतो, आणि टॉवेल काढायला अख्खा पलंग उघडायचा म्हणजे अंथरूण विस्कटणे आले. आपल्याकडे ४० इंच जमीन मिळते आहे, तेव्हा माझ्या मते ड्रॉवरच बरे.

सुतार की तयार, याचे उत्तर वरच्या मापांमध्येच आले आहे. उशाकडे २० इंच कोरे, एका बाजूला ड्रॉवर आणि दुसऱ्या बाजूला बॉक्स, असा बेड तयार मिळणे कठीण, म्हणून सुतार. भाड्याच्या घरात ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मी वेगळे सांगितले असते : त्याने नट-बोल्टवर सुटा होणारा बेड घ्यावा, कारण पार्टिकल बोर्डातले (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतले) स्क्रू दोनदा काढून घातले की भोक भुसभुशीत होते आणि तिसऱ्या घरी बेड कुरकुरतच पोहोचतो.

लाकडाच्या बाबतीत सुताराच्या तोंडच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. प्लायच्या प्रत्येक तावावर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा क्रमांक असतो तो वाचावा. आयएस ३०३ मध्ये एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) अशा दोन प्रती येतात, त्यांपैकी एमआर फक्त दमट हवेपुरती आहे आणि बीडब्ल्यूआर पाण्याला त्याहून चांगली टिकते. आयएस ७१० हा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला या सर्वांत जास्त टिकणारा. संपूर्ण बेड मरीनमध्ये करण्याची गरज मला वाटत नाही. सांगाडा, ड्रॉवर आणि झाकणे बीडब्ल्यूआरमध्ये करावीत आणि जमिनीला टेकणारी खालची पट्टी तेवढी मरीनची घ्यावी. माझा दुसरा बेड पार्टिकल बोर्डाचा होता आणि तो वरून अजून नवाच दिसत होता, पण रोज लादी पुसताना ओले फडके खालच्या कडेला लागत असे, आणि दोन पावसाळ्यांत ती कड भिजलेल्या पावासारखी फुगली. प्लायच्या सर्व कडा, न दिसणाऱ्या खालच्यासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्याव्यात. झाकणांना सनमायका दोन्ही अंगांना लावावा. एकाच अंगाला लावला तर फळीला बाक येतो.

चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या बाजूच्या धातूच्या पट्ट्या, बॉल-बेअरिंगचे, पूर्ण उघडणारे, २० इंचांचे आणि ४५ मिलिमीटर पट्टीचे घ्यावे. अशी जोडी साधारण ३५ ते ४५ किलो वजन पेलते. काम चालू असताना आपण जातीने पाहावी अशी एक जागा म्हणजे ड्रॉवर आणि गाळा यांमधले अंतर. दोन्ही बाजूंना चार-चार सूत, म्हणजे अर्धा-अर्धा इंच, मोकळे लागते. एखादे सूत कमी झाले तर ड्रॉवर ओढताना ताकद लावावी लागते. जास्त झाले तर तो चॅनलमध्ये डुलतो आणि गोळ्या लवकर झिजतात. कमी पडले तर ड्रॉवर पुन्हा करावा लागतो, जास्त झाले तर चॅनलमागे सनमायकाची चिंधी घालून भागते. म्हणून चांगला सुतार ड्रॉवर करताना माप किंचित हात राखूनच घेतो.

जोडणी कारखान्यात न होता आपल्या खोलीतच होणार, तेव्हा क्रम सांगून ठेवतो. चारी बाजू उभ्या करून बोल्ट आधी अर्धवटच आवळावेत. मग टेप घेऊन आतले दोन्ही कर्ण मोजावेत. ७८ बाय ६० च्या चौकटीचा कर्ण ९८ इंच ३ सूत येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणे महत्त्वाचे. एक ९८ आणि दुसरा पावणेनव्याण्णव आला तर चौकट तिरकी आहे, आणि त्या चौकटीत कितीही महाग चॅनल लावले तरी ड्रॉवर एका कोपऱ्यात घासणार. कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून सगळे ठीक म्हणणारे सुतार भेटतात. गुण्या फूटभर लांब असतो आणि बेड साडेसहा फूट, त्यामुळे गुण्याला न दिसलेला फरक कर्ण दाखवतो. लांब कोपरा हाताने आत ढकलून कर्ण जुळवावेत आणि मगच बोल्ट पक्के करावेत.

त्यानंतर लेव्हल ठेवून पाहावी. फरशी दिसते तितकी सपाट नसते, आणि बेड दाराच्या बाजूला जरासा कलला असेल तर बॉल-बेअरिंगचा ड्रॉवर रात्री आपोआप पुढे येतो. अंधारात त्याची कड नडगीला लागणे म्हणजे काय हे मी अनुभवाने सांगू शकतो. ज्या बाजूला कल असेल तिकडे पट्टीखाली प्लॅस्टिकच्या चकत्या घालाव्यात, लाकडाचे तुकडे घालू नयेत, कारण ते लादी पुसताना पाणी धरतात. विजेचा बोर्ड हेडबोर्डमागे जाणार नाही आणि फरशीच्या कडेची उभी पट्टी भिंतीपासून पुढे आलेली असते तेवढे अंतर हेडबोर्डला सोडले आहे, या दोन गोष्टी बेड भिंतीला लावण्यापूर्वीच पाहाव्यात.

हवेचा मार्ग ठेवायला सांगितल्याशिवाय कोणी ठेवत नाही. झाकणांना आणि ड्रॉवरवरच्या फळीला इंचभर व्यासाची भोके अर्ध्या-अर्ध्या फुटावर पाडून घ्यावीत. गादी खालून कोरडी राहते आणि श्रावणात गोधड्यांना कुबट वास येत नाही. झाकण उचलायला बोट घालण्याची सोयही त्यांतच होते. सामान भरण्यापूर्वी आठवडाभर ड्रॉवर उघडे ठेवावेत, म्हणजे गोंदाचा आणि पॉलिशचा उग्र वास निघून जाईल.

सुतार जाण्यापूर्वी ड्रॉवर पूर्ण बाहेर कसा काढायचा ते स्वतः करून पाहावे. दोन्ही चॅनलच्या आतल्या बाजूला काळी प्लॅस्टिकची जीभ असते. बहुतेक चॅनलमध्ये एकीकडची वर आणि दुसरीकडची खाली दाबून धरली की ड्रॉवर हातात येतो. मागे पडलेला मोजा काढायला आणि आत साचलेली धूळ झाडायला हे वर्षातून दोनदा लागते. आणि ड्रॉवरच्या दर्शनी फळ्यांमध्ये उन्हाळ्यात सुतार कागद शिरेल एवढीच फट ठेवू लागला, तर त्याला थांबवून निदान एक सूत ठेवायला सांगावे. जुलैत प्लाय आणि त्यावरची कडेची पट्टी थोडी फुगते, आणि मेमध्ये घट्ट बसलेली फळी तेव्हा शेजारच्या फळीला अडते. महिनाभराने बोल्ट एकदा पुन्हा आवळावेत, विशेषतः मधल्या आधाराचे.