वयजीण आजीला घरी ठेवू नका, सोबत न्या

प्रश्न : नमस्कार सिस्टर, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. आमचा धनगरवाडा डांबरी रस्त्यापासून अर्धा तास वर, पावसात मधला व्हाळ भरला की कोण येत नाही कोण जात नाही. सुनेला सातवा लागलाय, तारीख ऑगस्टातली. माझी सासू वयजीण, म्हणजे सुईण, अख्ख्या वाड्याची बाळंतपणं तिने केलीत, माझी तिन्ही पण. ती म्हणते घरीच करू, इस्पितळात नेलं की पोट फाडतात. मुलगा म्हणतो इस्पितळच. मी काय करू?

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पोट फाडतात हे त्या उगाच म्हणत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात १०० बाळंतपणांमागे जवळजवळ ४० सिझेरियन निघाली, देशाची सरासरी २१-२२ आहे. खाजगीत प्रमाण सरकारीपेक्षा जास्त आहे हेही त्यांना सांगा.

पण तरी घरी नको. बाळ येतं, वार पडते, सगळे बाळाकडे बघत असतात आणि तेव्हाच गर्भाशय आवळलं नाही तर रक्त जायला लागतं, अर्ध्या लिटरवर गेलं की धोका, आणि हे कोणाला होणार ते आधी कळत नाही, चार बाळंतपणं सरळ झालेल्या बाईलाही होतं. त्यासाठी बाळ बाहेर आल्या आल्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात, ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, वाड्यावर कुठून येणार? सासूबाईंच्या हाताला नावं ठेवत नाहीये मी, पण जोराचं रक्त सुरू झालं तर दोन तासांत बाई जाऊ शकते आणि व्हाळ काय दोन तासांत उतरत नाही.

म्हणून तारखेच्या दोनेक आठवडे आधीच सुनेला खाली आणा, वाळपईला किंवा रस्त्यालगत कोणी नातेवाईक असतील तर तिथे ठेवा. नसेल कोणी तर आत्ताच नर्सबाईंशी बोला, ऑगस्टात धावाधाव नको. महाराष्ट्रात हे बघायला आशाताई असते, गोव्यात आपल्याला उपकेंद्राची एएनएम, म्हणजे नर्सबाई, आणि अंगणवाडी सेविका, त्या दोघींचे नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये पाहिजेत आणि भिंतीवर खडूनेही लिहा, बॅटरी संपते. १०८ फुकट आहे पण ती रस्त्यापर्यंतच येणार, तिथवर खुर्चीला बांबू बांधून कोण चौघे नेणार त्यांची नावं ठरवा, सुनेचा रक्तगट विचारून घ्या, रक्त द्यायला दोघं तयार ठेवा. वाळपईच्या आरोग्य केंद्रात नाही जमलं तर पुढे म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), आणि तिथे न्यायला गाडी द्यायची जबाबदारी सरकारची आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, सरकारी इस्पितळात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी सगळं मोफत. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

आणि डोकं फुटल्यासारखं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजले, झटका, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप, बाळ कमी हलतंय, यातलं एकही दिसलं तर तारीख बिरीख बघू नका, निघाच. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

आता सासूबाई. त्यांना सोबत न्या! कळा येताना कंबर चोळायची, बाईला चालवायची, घोटघोट पेज पाजायची, घाबरू नको म्हणायचं, हे त्यांच्याएवढं कोणाला जमणार. फक्त वरून पोट दाबायचं नाही, वार ओढायची नाही, नाळेला राख-तेल काही लावायचं नाही, आणि कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही घ्यायचं नाही, यावर मी हट्टी आहे.

प्रश्न : ताई, काणकोणहून लिहितेय. पहिल्या वेळी लेबर रूममध्ये मला एकटीला ठेवलं, आईला बाहेर काढलं, ओरडले तर एकीने ऐकवलं, तेव्हा नव्हतं का कळलं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, जायचीच भीती वाटते.

तसं बोलायचा हक्क कोणालाही नाही, कितीही ड्युटी असो, आणि हे मी स्वतः नाइट ड्युट्या करून सांगतेय. २०१६ मध्येच केंद्राने सांगितलंय की सरकारी इस्पितळात बाळंतिणीसोबत एक बाई राहू शकते, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, तिला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत आणि तिने डॉक्टर-नर्सच्या कामात मध्ये मध्ये करायचं नाही. जिथे आडोसा नीट आहे तिथे नवराही चालतो. आठव्या महिन्याच्या तपासणीलाच मेडिकल ऑफिसरना सांगा की आई सोबत राहणार, साधा अर्ज लिहून द्या, एका प्रतीवर शिक्का घ्या. आयत्या वेळी दारात भांडण नको, तेव्हा तुमच्यात भांडायची ताकद नसते आणि नर्सला वेळ नसतो. गावातल्या आणखी दोघी-तिघींना असा अनुभव असेल तर ग्रामसभेत मांडा, ग्राम आरोग्य समितीत कोण कोण आहे तेही विचारा, एकटीची तक्रार फाइलमध्ये बसते.

प्रश्न : लोहाच्या गोळीने शौच काळी होते, मळमळतं. बंद केली तर चालेल? (केपे)

नाही. काळी होणारच, त्यात काही बिघडलेलं नाही. रात्री जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्यासोबत चालेल, चहा आधी-नंतर तासभर नको, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. नाचणीची तिजन प्या, तांबडी भाजी खा, पण गोळीच्या ऐवजी नव्हे. एकूण किमान १८० दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतरही तेवढीच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर गोळीवर भागत नाही, इस्पितळ गाठा. तपासणीला दर महिन्याच्या ९ तारखेला जा, त्या दिवशी पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर मोफत तपासतात.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिला सुईणीचं शिक्षण घ्यायचंय. घरचे हसतात.

हसू द्या. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग, मग प्रसूतिगृहातला अनुभव आणि त्यानंतर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं, म्हणजे शिकलेल्या सुईणीचं, १८ महिन्यांचं प्रशिक्षण, केंद्राने २०१८ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरळ बाळंतपण ती स्वतः सांभाळणार आणि अडलं की डॉक्टरला बोलावणार, असं हे काम आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर बीएस्सीचा अर्ज आत्ताच बघून ठेवा, नसेल तर जीएनएमची चौकशी करा.