सफरचंदाला पाणी सुटतं ते बशीत सुटू द्या, ओव्हनमध्ये नको

प्रश्न : सफरचंदांचा हंगाम सुरू झाला की घरी ॲपल पाय करायची मला हौस आहे. वरून रंग सुरेख येतो. कापला मात्र की आतून पाणी वाहतं, खालची पारी कच्ची आणि चिकट लागते, फोडींचा लगदा होतो. वरची पारी आणि सारण यांच्यामध्ये चांगली बोटभर पोकळी पडते ती वेगळीच. साहित्य मी काट्यावर मोजूनच घेते. आता ओव्हन बदलू का?

उत्तर : ओव्हन राहू द्या. दोष सफरचंदातल्या पाण्याचा आहे. सफरचंदात वजनाच्या जवळपास 85 टक्के पाणी असतं, म्हणजे किलोभर फोडी घेतल्यात तर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास पाणीच पारीत भरलंत. शिवाय गरात हवाही भरपूर, म्हणून तर सफरचंद पाण्यावर तरंगतं. भाजताना फोडी मऊ होतात, हवा निघून जाते, सारण खाली बसतं. वरची पारी तोवर कडक झालेली असते, ती काही सारणाबरोबर खाली येत नाही. तुमची बोटभर पोकळी ती हीच. ओव्हनमध्ये जे व्हायचं ते आधीच घडवून आणलं की तुमच्या सगळ्या तक्रारी एकदम मिटतात.

किलोभर सोललेली सफरचंदं घ्या, पाऊण सेंटीमीटर जाडीच्या फोडी करा. त्यांना शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि दालचिनी चोळून तासभर ठेवून द्या. साखर पाणी ओढून घेते, बशीत रस साचतो. फोडी चाळणीवर निथळा. तो रस चमचाभर लोणी घालून पाकासारखा दाटसर होईपर्यंत आटवा आणि गार झाल्यावर परत फोडींत मिसळा. हा रस फेकून देणारे लोक मला माहीत आहेत. सफरचंदाचा सगळा वास त्या रसात असतो, तेव्हा कृपा करून तसं करू नका. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालायचं ते या वेळी.

हाताशी वेळ असेल तर याहून खात्रीचा उपाय सांगते. साखर लावलेल्या फोडी जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर वीसेक मिनिटं गरम करा. फोडी गरम व्हाव्यात, पण उकळी फुटता कामा नये. साठ-सत्तर अंशांवर सफरचंदातलं एक एन्झाइम पेक्टिनला बळकटी देतं, आणि पेक्टिन हेच फोडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं. म्हणून अशा तापवलेल्या फोडी पुढे ओव्हनच्या उष्णतेत विरघळत नाहीत. आधी शिजवलेली फोड नंतर जास्त टणक राहते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

आता फळाबद्दल. हंगामाच्या सुरुवातीला उतरणारी सफरचंदं बहुधा नाजूक असतात, लवकर लगदा होतात. उशिरा पिकणाऱ्या जाती घट्ट आणि टिकाऊ. मॅकिंटॉश विरघळतं. ग्रॅनी स्मिथ आणि ब्रेबर्न आकार धरतात. रेड डिलिशस नुसतं खायला घ्या, पायमध्ये ते बेचव आणि पिठूळ लागतं. मी दोन भाग आंबट-घट्ट जात आणि एक भाग मऊ-गोड जात घेते: फोडीही दिसतात आणि मध्ये दाटपणाही येतो. साखरेचं माप मात्र कृतीत वाचून ठरवू नका, फोड चाखा. झाडावरून नुकतं उतरलेलं फळ जास्त आंबट असतं. साठवणीत फळाचा श्वास चालूच असतो आणि त्यात आंबटपणा खर्ची पडतो, म्हणून तीच जात काही महिन्यांनी गोडगोड लागते. तुम्ही काट्यावर मोजता हे चांगलंच, पण काट्याला जीभ नसते.

खालच्या पारीसाठी काचेपेक्षा धातूचं भांडं बरं. ओव्हन तापवतानाच खालच्या कप्प्यात एक रिकामा ट्रे ठेवा आणि पाय त्या तापल्या ट्रेवर चढवा. आधी 220 अंशांवर वीस मिनिटं, मग 190 वर आणखी पस्तीस-चाळीस. रंगावर जाऊ नका. वरच्या चिरांतून, अगदी मधोमध, दाट बुडबुडे आले तरच पाय झाला; सारण उकळीच्या जवळ गेल्याशिवाय कॉर्नफ्लोअर पुरतं दाटत नाही. वरून करपायला लागला तर फॉइल झाका. मग तीन-चार तास गार होऊ द्या. गरम कापलात तर वरचं सगळं करूनही पाणी वाहील, आणि मला पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : पारी लाटणं मला जमत नाही, खरं तर आवडतही नाही. दुसरं काही?

उत्तर : क्रंबल करा. दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम फ्रिजमधलं गार लोणी, चिमूट मीठ. बोटांच्या टोकांनी चोळा, लहान-मोठे गोळे राहू द्या. फोडींवर सैल पसरा, दाबू नका. वर झाकण नाही, त्यामुळे बरीच वाफ आपोआप निघून जाते. रस आटवायची खटपट इथे नको. 180 अंशांवर चाळीसेक मिनिटं. यात ओट्स घालतात, काहींना आवडतात. मला नाही.

प्रश्न : फोडी काळ्या पडू नयेत म्हणून मी त्या पाण्यात बुडवून ठेवते. बरोबर?

उत्तर : मुळीच नाही. चाळणीवर निथळून जे पाणी काढायचं तेच तुम्ही आत भरताय. लिंबाचा रस पुरे. थोडी तपकिरी झाली तर होऊ द्या, दालचिनीत कोणाला दिसणार आहे? त्यापेक्षा सालं आणि गाभे टाकू नका. पेक्टिन तिथेच जास्त असतं. बिया काढून टाका, उरलेलं बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, त्या गाळलेल्या पाण्याच्या निम्मी साखर घालून चिकट होईपर्यंत आटवा. भाजून निघालेल्या पायवर ब्रशने हे लावलं की सुंदर चकाकी येते.