आपल्या घरातले सगळे एक जूनवाले

प्रिय सई,

काल जेवताना तू विचारलंस आणि मी ऑफिसचा फोन आला म्हणून उठून गेलो. परत आलो तर तू झोपली होतीस. म्हणून लिहून ठेवतोय. मराठीत लिहितोय, सावकाश वाच, अडलं तर आईला विचार.

तुझा प्रश्न असा होता: शाळेसाठी वंशवृक्ष काढताना तुला दिसलं की माझा वाढदिवस १ जून, मोठ्या काकांचा १ जून, आत्याचाही १ जून. "तुम्ही तिघं जुळे आहात का? आणि आजी तर म्हणते, बाबा पाडव्याला झाला. मग खोटं कोण बोलतंय?"

खोटं बोलले आमचे गुरुजी. पण त्यांना दोष देऊ नकोस. १९७९ च्या जूनमध्ये तुझे आजोबा मला शाळेत घालायला घेऊन गेले. तेव्हा आमच्या गावात जन्माचा दाखला वगैरे कुणाकडे नसायचा. गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं, अशी रीत होती. मी मान जराशी कलती केली, हे त्यांनी बघितलं नाही किंवा बघून सोडून दिलं. मग आजोबांना विचारलं, "जन्म कधीचा?" आजोबा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळातला." गुरुजींनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहिलं: १ जून १९७३. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, एक तारीख लिहायला सोपी. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्याच दिवशी जन्मलेली. महाराष्ट्रात अजूनही ३१ मे रोजी सरकारी नोकरीतली माणसं घाऊक भावात निवृत्त होतात, ती याच गुरुजींच्या कृपेनं. आणि पासपोर्टवर जे छापलंय तेच आता खरं, त्यामुळे इथे जर्मनीत माझा केक जूनमध्येच कापला जातो.

पण आजोबांनी दिलेलं उत्तर अर्धवट नव्हतं. आपल्याकडे जन्म असाच सांगायचे. मोठे काका भूकंपाच्या सालातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, आख्खा सातारा जिल्हा हादरला, तेव्हा काका आजीच्या पोटात होते. आत्या नसबंदीच्या सालातली, म्हणजे १९७६, आणीबाणीतली (हे तू वर्गात सांगू नकोस, समजावता समजावता बाईंचा तास संपेल). आजोबांचे वडील मानमोडीच्या साली झाले. १९१८ च्या त्या जीवघेण्या तापाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, पण त्या वर्षी काय घडलं ते सगळ्यांना पाठ.

आता माझं साल. दुष्काळ १९७२ चा, पण तो खरा जाळत गेला १९७३ च्या उन्हाळ्यात. तरी सगळे बहात्तरच म्हणतात. आपला माण तालुका मुळातच कमी पावसाचा. त्याआधीची वर्षंही कोरडीच गेली होती, आणि बहात्तरला तर ज्वारीचं बी पेरलं ते मातीतच राहिलं. मग सरकारनं कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. रोजगार हमी योजना पुढे यातूनच उभी राहिली, कायदा १९७७ ला झाला. आजीला यातलं काही सांगू नकोस, ती म्हणेल, "मला काय शिकिवतीस, मी हुते तिथं."

ती होतीच. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, तू लहानपणी ते चाचपत झोपायचीस, आठवतं? ते खडीचं. मोठा दगड दुसऱ्या दगडावर ठेवायचा, चिंध्यांच्या कड्यात धरायचा, म्हणजे कपचा डोळ्यांत उडत नाहीत, आणि हातोडी मारायची. धरणाऱ्या हाताचा अंगठा कधीतरी मध्ये यायचाच. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा आणि मापात बसला नाही तर पैसे कमी. मी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती या कामावर जात होती. झाल्यावर दीड महिन्यानं परत गेली. मला बाभळीला झोळी बांधून त्यात ठेवायची. मी रडलो की ज्या बाईचा हात मोकळा ती झोका द्यायची. गावात अजून चारपाच म्हाताऱ्या मला बघितल्या की म्हणतात, "ह्याला मी हालिवलाय." आणि मला प्रत्येकीच्या पाया पडावं लागतं.

खायला कामावर सुकडी मिळायची, ते एक गोडसर कोरडं पीठ. आणि रेशनवर मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आजी भाकरीबद्दल फार कडक आहे हे तुला माहीत आहे. तुझी पहिली भाकरी तिनं सरळ कुत्र्याला घातली होती. ती मिलोबद्दल काय म्हणते ऐक: "थापाया घेटली की कडंनं फाटायची, तव्यावर टाकली की फुगायची न्हाई. पर पोटात पडायची." पन्नास वर्षांनंतरही तिला भुकेपेक्षा त्या न फुगणाऱ्या भाकरीचाच राग जास्त आहे.

त्या साली पाडव्याला गुढी उभारली. काठी होती, तांब्या होता, आजीचं लग्नातलं लुगडं होतं. लिंबाचा पाला भरपूर, कारण लिंब दुष्काळातही हिरवा राहतो. साखरेच्या गाठी नव्हत्या, पाल्यात कालवायला गूळही नव्हता. नुसता कडू पाला सगळ्यांनी खाल्ला आणि त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी झालो. एवढा पत्ता मला पुरला. पाडवा बुधवारी, ४ एप्रिल १९७३ ला होता, आणि आमचा बाजार शनिवारी. म्हणजे ७ एप्रिल. मी हे इथे कॉम्प्युटरवर शोधलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. गंमत म्हणजे कालनिर्णय कॅलेंडर सुरू झालं तेही १९७३ सालीच. आमच्या भिंतीवर ते पोचायला मात्र बरीच वर्षं गेली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला टीव्ही सुरू झाला होता, आमच्याकडे रात्री रॉकेलची चिमणी.

माझ्या वयाचे लोक "तो काळ किती छान होता" असं म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो. मला त्या काळाचं एकही चित्र स्वतःचं आठवत नाही, जे आहे ते आजीच्या तोंडचं. आणि ती छान होता असं कधीच म्हणत नाही. २०१६ ला गावात टँकर येत होता तेव्हा ती म्हणाली होती, "तवा हिरीत पाणी हुतं, धान्य न्हवतं. आता धान्य हाय आन पाणी न्हाई." पण खडीवरच्या बायकांचं सांगायला लागली की हसते. कोण मुकादमाची नक्कल करायची, कुणी ढिगाखाली मोठे दगड लपवून माप भरलं. दोन वर्षांपूर्वी तू ज्या तळ्यात चपट्या दगडांनी भाकऱ्या उडवत होतीस ना, त्याचा बांध त्याच वर्षी घातलेला आहे. गावात त्याला अजून दुष्काळी तळंच म्हणतात.

तर, वंशवृक्षात माझ्या नावापुढे १ जूनच लिही, नाहीतर शाळेच्या कागदाशी जुळणार नाही. काकांचं आणि आत्याचंही तेच. आजीची जन्मतारीख तू रिकामी सोडली आहेस, ती मलाही माहीत नाही. रविवारी फोन लाव आणि तिलाच विचार, कशाच्या सालातली ते. इथे जर्मनीत सकाळचे दहा वाजले की लाव, तोवर तिकडे तिचं जेवण झालेलं असतं.

तुझा,
बाबा