‘बॉर्न इन द यू.एस.ए.’वाला ब्रूस स्प्रिंगस्टीन उजव्या विचारांचा कधी होता?

प्रश्न असा आहे: “अमेरिकन रॉक गायक स्प्रिंगस्टीनने ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’सारखं देशभक्तीचं गाणं लिहिलं. मग आता तो ट्रम्प सरकारवर एवढा का तुटून पडतो? त्याने बाजू बदलली का?”

बाजू अजिबात बदललेली नाही. तो उजव्या गोटातला आहे हा समज १९८४ साली पसरला, आणि तो पसरवणाऱ्यांत खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. मी न्यू जर्सीत राहतो. हे त्याचं राज्य, इथे त्याची गाणी येताजाता कानावर पडतात, आणि इथल्या आपल्या मराठी मंडळींकडूनही मी हेच ऐकत आलोय की हा माणूस आधी देशभक्त होता, मग बिघडला. मला ते फार लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाणं बघू. ध्रुपद म्हणजे शीर्षकाचीच ओळ, मुठी आवळून, पुन्हा पुन्हा. पण कडव्यांमध्ये एका माणसाची गोष्ट आहे. मरगळलेल्या गावात जन्मलेला, लहानपणापासून लाथा खाल्लेला पोरगा. गावात काहीतरी भानगड होते, हातात रायफल देऊन त्याला व्हिएतनामला धाडतात. परत येऊन तो रिफायनरीत काम मागायला जातो, तर भरती करणारा म्हणतो, माझ्या हातात असतं तर घेतलं असतं रे बाबा. माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीतही पदरी काही पडत नाही. भाऊ व्हिएतनाममधल्या खे सान्हला लढला. शत्रू अजून तिथेच आहे, भाऊ मात्र संपला. सायगावमध्ये भावाचं जिच्यावर प्रेम होतं, तिच्या मिठीतला त्याचा एक फोटो तेवढा उरलाय. शेवटी हा माणूस तुरुंगाच्या सावलीत, रिफायनरीच्या ज्वाळांजवळ उभा आहे, दहा वर्षं उलटली तरी कुठे जायची सोय नाही. आणि त्यावर पुन्हा तेच ध्रुपद: मी इथेच जन्मलोय.

हे आकाशातून पडलेलं नव्हतं. स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड नावाच्या गावात वाढला. त्याच्या पहिल्यावहिल्या बँडपैकी ‘कास्टील्स’चा ड्रमर बार्ट हेन्स १९६७ साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्वतः ब्रूस वैद्यकीय तपासणीत नापास होऊन सुटला, आणि आपल्या जागी कोण गेलं असेल हा विचार आजही मनात येतो, असं त्याने जाहीरपणे सांगितलंय. १९८१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला त्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेच्या मदतीसाठी कार्यक्रम केला, तेव्हा ती संघटना पैशांअभावी मेटाकुटीला आली होती. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, हे गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं. आधी फक्त गिटारवर, घरच्या टेपवर. ते रूप ऐकून कुणालाही सभेत झेंडा फडकवावासा वाटणार नाही.

मग १९८४ चा अल्बम आला. त्याच्या बँडमधल्या मॅक्स वाइनबर्गचा ड्रम तोफेसारखा, रॉय बिटनच्या सिंथेसायझरवरची ती एकच धून सतत, आणि मुखपृष्ठावर झेंड्याच्या पट्ट्यांपुढे निळ्या जीन्समधली पाठमोरी आकृती. शब्द तेच, पण आता स्टेडियम दणाणून सोडणारे. त्या उन्हाळ्यात जॉर्ज विल हे उजव्या विचारांचे स्तंभलेखक मेरीलँडमधल्या कार्यक्रमाला कानात कापूस घालून गेले. सप्टेंबरमध्ये त्यांनी स्तंभ लिहिला. याचं राजकारण काय ते मला ठाऊक नाही, अशी कबुली त्यात दिली, आणि तरीही गाण्याला अमेरिकेचा आनंदी जयघोष ठरवून टाकलं. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच झाला. माहीत नाही म्हणायचं आणि तरी निकाल द्यायचा.

लगेच १९ सप्टेंबरला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन प्रचारासाठी न्यू जर्सीतल्या हॅमन्टनला आले आणि भाषणात म्हणाले की अमेरिकेचं भविष्य तुमच्या स्वप्नांत आहे, न्यू जर्सीच्याच ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशात आहे.

दोनतीन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षांनी माझं नाव घेतलं, तेव्हा त्यांचा आवडता अल्बम कुठला असेल याचा विचार करत होतो, ‘नेब्रास्का’ काही नसावा, असं म्हणून त्याने आपल्या त्याच १९८२ च्या उदास अल्बममधलं ‘जॉनी ९९’ सुरू केलं. ही निवड फार विचारपूर्वक होती. न्यू जर्सीत माहवा इथे फोर्डचा मोटारींचा मोठा कारखाना होता, तो १९८० मध्ये बंद पडला. गाणं तिथूनच सुरू होतं. रॅल्फ नावाच्या कामगाराची नोकरी जाते, दुसरी मिळत नाही, बँक घर जप्त करायला टपलेली, आणि एका रात्री दारूच्या नशेत तो एका कारकुनाला गोळी घालतो. न्यायाधीश ९९ वर्षांची शिक्षा ठोठावतो. रॅल्फ स्वतःला निर्दोष म्हणत नाही. फक्त एवढंच सांगतो की माझ्या हातात बंदूक आली ती एवढ्या एकाच रात्रीमुळे नव्हे. आणि हे गायलं कुठे, तर पोलादाचे कारखाने धडाधड बंद पडत असलेल्या पिट्सबर्गमध्ये. त्याच मुक्कामात त्याने तिथल्या पोलादकामगार युनियनच्या अन्नपेढीला १०,००० डॉलर दिले.

डेमोक्रॅट उमेदवार वॉल्टर माँडेल यांनीही तेव्हा चूक केली, हे सहसा कुणी सांगत नाही. स्प्रिंगस्टीनचा मला पाठिंबा आहे, असं ते म्हणून बसले आणि मग त्यांच्या प्रचारकांना ते मागे घ्यावं लागलं. १९८४ मध्ये त्याने कुणालाच पाठिंबा दिला नव्हता. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी तो उघडपणे उतरला तो २००४ मध्ये, जॉन केरींसाठी. पुढे ओबामा, मग २०२४ मध्ये कमला हॅरिस.

तरी “तो डेमोक्रॅट आहे” एवढं म्हणून थांबलं की पुन्हा अर्धवटच कळतं. हे गाणं देशाच्या विरोधातलं आहे असं मानणारेही बरेच भेटतात, आणि तेही मला पटत नाही. तो अभिमान खोटा नाही. या माणसाला देशाने काहीच दिलं नाही, तरी हा देश माझा आहे हे तो सोडायला तयार नाही. निषेध कडव्यांत आहे, हक्क ध्रुपदात आहे, आणि एकाला दुसऱ्यापासून तोडलं की गाणं मरतं. रीगन यांच्या माणसांनी फक्त हक्क ऐकला.

हाच प्रकार २००० साली पोलिसांच्या बाबतीत झाला. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये अमादू डियालो या गिनीहून आलेल्या २३ वर्षांच्या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. तो खिशातून पाकीट काढत होता. स्प्रिंगस्टीनने त्यावर ‘अमेरिकन स्किन’ लिहिलं. न्यूयॉर्कच्या पोलीस संघटनेने त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक दिली. त्याच्या चाहत्यांत पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, कारखान्यातले लोक भरपूर, त्यामुळे अनेकांना हा विश्वासघात वाटला. आता गाणं सुरू कुठून होतं बघा: पडलेल्या मुलाच्या शेजारी गुडघे टेकून, तो वाचावा म्हणून प्रार्थना करणाऱ्या माणसापासून. म्हणजे पोलिसापासून. मग दुसऱ्या कडव्यात एक आई शाळेला निघालेल्या पोराला बजावते की पोलिसाने अडवलं तर नीट बोल, पळू नकोस, हात दिसतील असे ठेव. दोघांनाही एकाच गाण्यात जागा देणाऱ्याला पोलीसद्वेष्टा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चाहत्यांतली ही फूट आजही आहे. इथले माजी रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी त्याचे शंभरावर कार्यक्रम पाहिलेत, गाणी तोंडपाठ. गाणं आवडायला मत जुळावं लागत नाही, हे क्रिस्टींकडे पाहून पटतं. फक्त गाणं आवडलं म्हणून गाणाऱ्याला आपल्या पक्षाचं सभासदत्व परस्पर देऊन टाकू नये.

आता ट्रम्प यांच्यावरची टीका. मे २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला त्याने मंचावरून या सरकारला भ्रष्ट, नालायक आणि देशद्रोही म्हटलं. भाषा पूर्वीपेक्षा कडक आहे, पण ज्यांच्या बाजूने तो बोलतोय ती माणसं १९८२ च्या टेपवरचीच आहेत.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर ‘ट्रॅक्स’ या १९९८ च्या संग्रहात ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चं ते मूळ गिटारवरचं रूप आहे. ते आधी ऐका, शब्द समोर ठेवून. त्यानंतर ‘जॉनी ९९’. ड्रमवालं सगळ्यात शेवटी लावा.